बिनपरमिटचा हिरामण

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर माझी चहाची टपरी आहे आणि टपरीसमोर रिक्षांची लाइन. कोणाची बायको रुसून माहेरी गेलीय, कोणाचा गिअर अडकतो, कोण सीटांकडून, म्हणजे पॅसेंजरांकडून, जास्त घेतो, सगळं मला विचारा. पण हिरामण उबाळेचं नेमकं काय झालं ते सांग म्हणालात, तर माझाच गिअर अडकतो. या डोळ्यांनी बघितलंय हो सगळं, तरी अजून डोक्यात शिरत नाही. तुमच्या शिरलं तर मलाही सांगा.

हिरामणभाऊ म्हणजे आमच्या लाइनीचा कायदा. उंच, सावळा, खाकी शर्टाची गळ्यापर्यंत गुंडी लावलेली, खिशाला बॅज. तोंडात ना तंबाखू ना शिवी. शिवी द्यायची ती फक्त खड्ड्याला. पुलाजवळचा खड्डा आला की मागच्या सीटांना ऐकू जाईल असा गरजायचा, "टॅक्स भरतो आम्ही! माझ्या टॅक्सचा रस्ता आहे हा!" एकदा खडी टाकणाऱ्या मुकादमाला त्याने रिक्षा थांबवून झापलं. मुकादम बिचारा म्हणाला, "काका, मी पण भरतो." तरी हा ऐकेना.

परमिट त्याला उशिरा मिळालं. अर्धं आयुष्य दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर मारली, मग सरकारी लॉटरीत नाव निघालं. त्या दिवशी अख्ख्या लाइनीला पेढे. परमिट प्लास्टिकमध्ये घालून त्याने घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलं. रखमा, त्याची बायको, मला म्हणायची, "इंदुबाई, माझ्याकडे बघत नाही तेवढं त्या कागदाकडे बघतो."

मग मधे डुप्लिकेट गाड्यांचा सुळसुळाट झाला. एका नंबरच्या दोन-दोन रिक्षा, कागदपत्रांच्या नावाने बोंब. खरे परमिटवाले ताटकळत उभे आणि हे लोक सीटा भरून पसार. तेव्हा हिरामणने नियम करून घेतला, परमिट नाही त्याला लाइन नाही. स्टँडचा अध्यक्ष जनू भोईर, म्हणजे आमचा जनूशेठ, त्याने नुसती मान डोलावली. नियम चालवला तो हिरामणने.

आणि त्यात पहिला सापडला कोण? तर रामभाऊ! डुप्लिकेटवाला नव्हे हो, आपला रामभाऊ, हिरामणच्या जोडीने लाइनीत लागणारा. छातीच्या दुखण्याने तो दवाखान्यात पडला, तेवढ्यात परमिटची मुदत उलटली. बरा झाला तसा सरळ येऊन लाइनीत लागला. नंबर पहिला आला, सीटा बसल्या. हिरामण जवळ गेला आणि म्हणाला, "रामभाऊ, परमिट दाखव."

रामभाऊ म्हणाला, "तुला माहितीये सगळं."

हिरामणने सीटा उतरवल्या. दोघांपैकी कोणी आवाज चढवला नाही. मीच टपरीतून ओरडले, "अरे मेल्या, तो आपला माणूस आहे!" तर हिरामण मला म्हणतो, "आपल्या माणसाला सोडला, तर परक्याला कुठल्या तोंडाने काढू?" आता यावर काय बोलणार, डोंबल? रामभाऊने पुढे रिक्षा विकून टाकली. आता तो माझ्या बाकड्यावर बसतो आणि "कॅम्प चार, कॅम्प चार" असं भागाचं नाव ओरडून लाइनीतल्या गाड्या भरून देतो. हिरामणचीही द्यायचा. पण त्या दिवसाबद्दल दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

तर अशा या हिरामणची रिक्षा म्हातारी झाली. रिक्षेच्या वयाला सरकारची मर्यादा आहे, ती संपली आणि गाडी भंगारात गेली. त्याचा मुलगा सम्यक अंबरनाथला कंपनीत कामाला आहे. तो म्हणाला, "पप्पा, आता इलेक्ट्रिकच घ्या. पंपावर गॅसच्या रांगेत झोपणं बंद." हिरामणला पटलं. मलाही पटलं, मीच म्हटलं घे. शोरूममधला पोरगा म्हणाला, "काका, टॅक्स माफ, परमिट माफ, टेन्शनच नाय."

हिरामण तिथेच बिथरला. "माफ कशाला? मी काय गुन्हा केलाय?"

गाडी बुक केली, पण दुसऱ्या दिवशी गेला आरटीओला. खिडकीवरच्या बाईला म्हणाला, टॅक्स भरायचाय. ती म्हणाली, या गाडीला नाही. हा म्हणाला, बरं, निदान माझं जुनं परमिट हिच्यावर चढवा. ती म्हणाली, हिला परमिट लागत नाही. हा म्हणाला, "लागत नसलं तरी द्या." ती म्हणाली, "अहो, लागतच नाही तर देऊ कशावर?" मागच्या रांगेतले हसायला लागले. हिरामण तसाच परत आला, माझ्या बाकड्यावर बसला आणि चहा पुढ्यात ठेवून थंड करून प्यायला. जुन्या परमिटवर वेळेत दुसरी गाडी चढवायची असते, ती मुदत या धावपळीत निघून गेली होती. म्हणजे परमिट गेलंच. पण लागत नाही म्हणजे गेलं तरी चालतं. पण चालतं तर एवढी वर्षं ते फोटोखाली कशाला टांगलं होतं? असं तो मला विचारत होता.

पोरं चिडवायला टपलेलीच. हितेश म्हणून एक आगाऊ कार्टा आहे लाइनीत, आगरी आहे, मनाने चांगला, जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "काका, आता खड्ड्याला शिवी द्यायची नाय हां. तुमच्या टॅक्सचा नाय तो." सगळे खिदळले. पण खरंच सांगते, त्यानंतर हिरामणने खड्ड्याला एक शब्द काढला नाही. मी एकदा त्याच्या गाडीत बसून कॅम्प दोनला साखर आणायला गेले होते. पुलाजवळ गाडी अशी आदळली की माझं कंबरडं मोडलं, आणि हा चिडीचूप. मला इतकं वाईट वाटलं ना, की त्याच्याऐवजी मीच दोन शिव्या हासडल्या.

पण हे सगळं नंतरचं. पहिल्या दिवसाचं सांगते. इलेक्ट्रिकची हिरवी नंबरप्लेट, नवीकोरी गाडी, आवाज म्हणून नाही. मी कौतुकाने लिंबू-मिरची बांधायला गेले, तर म्हणाला, "इंदुबाई, आमच्यात नाही." म्हटलं बरं बाबा, मग मिरची भजीत घालते. गाडी घेऊन तो आला आणि लाइनीत न लागता पुढे माझ्या टपरीपलीकडे गटारीच्या कडेला जाऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, चहा घेतोय. चहा झाला, तरी तिथेच.

हितेश म्हणाला, "काका, लावा ना गाडी."

"परमिट नाही माझ्याकडे."

"अरे पण इलेक्ट्रिकला लागत नाय ना!"

"सरकारला लागत नाही," हिरामण म्हणाला. "लाइनीला लागतं."

आली का पंचाईत! जनूशेठला बोलावलं. तिथेच माझ्या टपरीवर मीटिंग. अर्धे म्हणाले, हिरामण आपला आहे, घ्या त्याला. अर्धे म्हणाले, आज याला घेतलं तर उद्या कोणीही हिरवी प्लेट लावून येईल, आम्ही परमिटं काय चुलीत घालायची? एकाने मोबाइल काढून वाचलं, इलेक्ट्रिकवर टॅक्स लागणार. दुसऱ्याने वाचलं, नाही लागणार. तिसरा म्हणाला, महागड्या मोटारींना लागणार होता, तोही रद्द झाला. मी म्हटलं, मेल्यांनो, चहाचे ग्लास तरी ठेवा खाली. शेवटी जनूशेठ म्हणाला, हात वर करा. हिरामणला घ्यायचं त्यांनी हात वर केले. मग नाही घ्यायचं त्यांनी. त्यात पहिला हात कोणाचा? हिरामणचा!

जनूशेठ ओरडला, "तू तुझ्याच विरोधात हात वर करतोस? येडा झालास का?"

हिरामण म्हणाला, "मला मत आहे ना? मग मोजा."

मीटिंग तशीच उठली. घेतला असंही नाही, काढला असंही नाही. तेव्हापासून हिरामण लाइनीबाहेर. आणि रिक्षावाल्याला लाइन नाही म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. लाइनीत पुढच्याशी बोलायचं, मागच्याशी भांडायचं, नंबर आला की सीटा आपोआप येतात. बाहेर उभं राहिलं तर माणूस वाट चुकलेल्या ढोरासारखा फिरत राहतो. हा कधी चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगांपाशी, कधी बदलापूरच्या रस्त्याला, कोणी हात केला तर थांबायचं. रिकामाच परत यायचा. खांदे पडले त्याचे. शर्टाची वरची गुंडी उघडी दिसायला लागली. रखमा एक दिवस टपरीवर आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "घर कसं चालवायचं ते मी बघेन हो, पण हा घरात बोलत नाही. तुमचं ऐकतो, त्याला लाइनीत घाला."

मी म्हटलं, "अगं, त्याला कोणी काढलंय? तोच जात नाही!"

"मग तोच काढतोय का स्वतःला?" रखमाने विचारलं.

त्यात चार्जिंगचं खेकटं वेगळंच. शोरूमवाल्याने सांगितलं होतं, मोबाइलसारखी घरी लावा. हिरामणने चाळीतल्या आपल्या मीटरवर लावली, तर शेजारच्या मीनलचा पंखा पेंगायला लागला आणि अख्ख्या चाळीचे दिवे पिवळे पडले. सगळे याच्या दारात. वायरमन आला. म्हणाला, तुमच्या मीटरचा लोड वाढवून घ्या. पण आधी खांबावरून येणारी केबल बदलायला हवी. पण त्याच्याआधी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा हवा, कारण आता एसी वाढलेत, स्कूटर वाढल्यात. ट्रान्सफॉर्मर कधी मोठा होणार? तर मागणी वाढली की. आणि मागणी कशी वाढणार? गाड्या वाढल्या की! म्हणजे आधी पाळणा की आधी पोर, तुम्हीच सांगा. हिरामण म्हणाला, "इंदुबाई, एक जण म्हणतो घे, दुसरा म्हणतो लावू नको. दोघंही बरोबर बोलतात." चाळीतले झोपले की मग तो चोरासारखी गाडी लावायचा. आयुष्यात ज्याने चोरी केली नाही, तो स्वतःच्या मीटरवर चोर झाला.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण गुरुवारी रात्रीच चाळीचा फ्यूज उडाला, गाडी अर्धीच चार्ज झाली. हिरामण म्हणाला, पुरेल संध्याकाळपर्यंत. नाही पुरली. चिखलोलीचं एक भाडं त्याने कॅम्प चारला सोडलं आणि तिथे भर बाजारात गाडीने मान टाकली. चार्जिंगचा प्लग आहे, लाइट नाही. तासभर बसून राहिला.

तेवढ्यात आमचा हितेश तिकडून रिकामा येत होता. त्याने काय करावं? रिक्षावाले करतात तेच. बंद पडलेल्या गाडीच्या मागे आपली गाडी लावायची, चालवता चालवता एक पाय बाहेर काढून तिच्या ढुंगणाला लावायचा आणि ढकलत न्यायची. असा ढकलत ढकलत तो हिरामणला विठ्ठलवाडीला घेऊन आला. हिरामण हँडल धरून ओरडतोय, "टपरीकडे घे! टपरीकडे!" आणि हितेशने शेवटी असा दणका दिला की गाडी सरळ जाऊन लाइनीच्या शेपटाला लागली. मागे लगेच स्वतःची लावली. बाहेर पडायला जागाच नाही.

मी टपरीतून बघत होते. मला वाटलं, आता उतरून कानफटात देतो हितेशच्या. पण हिरामण उतरला नाही. किती दिवसांनी त्याच्या पुढे रिक्षा होती, मागे रिक्षा होती. पुढचा वळून म्हणाला, "काय काका, जेवलात का?" हिरामणने मान हलवली. उतरावं की बसावं, त्याला कळत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पुढची गाडी गेली की हितेश पाय लावायचा, हा एक घर पुढे. परत गेली, परत पाय. असं करत करत याचा नंबर पहिला आला. आणि रामभाऊला सवयच ती, त्याने हाळी दिली, "कॅम्प चार, कॅम्प चार!" बसल्या की तीन सीटा!

हिरामणने चावी फिरवली. गाडी मेलेली.

मागे बसलेली बाई म्हणाली, "काका, चला ना, उशीर होतोय." पोरं आधी फिसफिसली, मग पोट धरून हसायला लागली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. सीटा उतरून हितेशच्या गाडीत गेल्या. तेव्हा हिरामण खाली उतरला, बाजूने गाडीला खांदा लावला आणि लाइनीबाहेर ढकलायला लागला.

जनूशेठ पुढे आला. "राहू दे रे. लाइट येईपर्यंत नंबर राखतो तुझा." नंबर राखणं म्हणजे लहान गोष्ट नाही. कोणाच्या घरी मयत झालं, कोणाची बायको बाळंत होत असली, तरच आमच्याकडे नंबर राखतात. आपल्या माणसाचाच राखतात.

हिरामण थांबला. घामाने चिंब. आणि एकदम मोठ्याने ओरडला, "मी आता आत शिरलो, तर रामभाऊला कशासाठी काढला होता? सांगा ना कोणीतरी! कशासाठी काढला होता?"

हसणं जिथल्या तिथे बंद. कोणी रामभाऊकडे बघेना. मी पातेल्यात बघत बसले. तो प्रश्न त्याने आम्हाला विचारला होता की स्वतःला, काय माहीत. पण इतके दिवस तो गटारीच्या कडेला का उभा होता, ते मला तेव्हा कुठे समजलं.

रामभाऊ बाकड्यावरून उठला. छातीचं दुखणं आहे, त्याला जड काम वर्ज्य. तो चालत गेला गाडीच्या पुढ्यात, समोरून हात टेकले आणि ढकलायला लागला. मला वाटलं मदत करतोय. अहो, कसली मदत! हिरामण बाहेर ढकलतोय आणि हा आत! दोन म्हातारे, मधे ती हिरव्या पाटीची रिक्षा, आणि गाडी जागची हलेना.

"सोड, रामभाऊ. छातीत दुखेल."

"दुखू दे."

"नियम आहे तो."

"असू दे. मला काढलंस ते चुकलं म्हण, मी सोडतो."

"तेव्हा तुझं परमिट नव्हतं."

"नव्हतं. म्हण चुकलं."

"रामभाऊ, तमाशा नको."

"मी तेव्हा केला का तमाशा?" रामभाऊला धाप लागली होती. "सीटा उतरल्या, मी गप्प. घरी गेलो, बायकोला सांगितलं गाडी बिघडली. मला वाटत होतं, तू संध्याकाळी तरी येशील. नियम राहू दे तुझा, पण नुसता येऊन बसशील. तू आला नाहीस रे."

हिरामणचे हात गाडीवरच होते. मग एकदम चिडून, खड्ड्यावर ओरडायचा तसा, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा तो ओरडला, "चुकलं! चुकलं माझं! झालं का समाधान? सोड आता, मरशील!"

आणि त्याचेच हात सुटले. गाडी आपसूक लाइनीत आली. हिरामण दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच उकिडवा बसला, लहान पोरासारखा रडला. रामभाऊने त्याच्या पाठीवर हात नाही ठेवला की काही नाही. तो धापा टाकत रिक्षात चढला, मागच्या सीटवर बसला, आणि म्हणाला, "कॅम्प चार. एक सीट."

मी म्हटलं, "अहो रामभाऊ, लाइट नाहीये."

"येईल तेव्हा येईल. मला घाई नाही."

परमिट लागतं की नाही, ते अजूनही आम्हाला कोणी नक्की सांगितलेलं नाही. जनूशेठ म्हणतो विचारतो, आणि विचारत नाही. मी त्या दिवशी दोघांना चहा नेऊन दिला. हिरामण पुढे बसला, रामभाऊ मागे, आणि मागच्या गाड्या बाजूने सीटा भरून जात राहिल्या. लाइट दिवेलागणीला आली. मी टपरीतला पंखा आणि दिवा बंद करून वायर ओढून दिली. गाडी चालण्याजोगी होईपर्यंत लोक घरी जाऊन जेवून झोपायला लागले होते. तोवर रामभाऊ काही खाली उतरला नाही.